ओसाड माळावरील कारखाना

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर किर्लोस्करवाडी नावाचे एक स्थानक आहे. पूर्वी या स्थानकाचे नाव कुंडल रोड असे होते. त्याच्या लगतचा माळ निवडुंगाने व्यापलेला होता आणि त्या निवडुंगात विषारी नागांचा सुळसुळाट होता. अशा जागी कारखाना उभारण्याचे धाडस ज्या पुरुषाने केले, त्याचे नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. त्यांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. मुलानेही विद्येच्या त्याच मार्गाने जावे, असे त्यांना वाटे. परंतु लक्ष्मणरावांना ओढ होती ती चित्रांची आणि यंत्रांची. वडिलांची इच्छा नसतानाही १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे त्यांचा हात चांगला बसू लागला, आणि मग एक विचित्र अडचण उभी राहिली. काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना नीट उमगत नाही, असे त्यांच्या ध्यानी आले. चित्रकाराला याहून मोठी आपत्ती ती कोणती? पण लक्ष्मणराव रडत बसले नाहीत. यंत्रांच्या आकृत्या काढण्यास रंग लागत नाहीत. त्यास लागते ती अचूक नजर आणि स्थिर हात. ते त्यांच्यापाशी होते. ते यंत्र-रेखाटनाकडे वळले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले.

मुंबईस असतानाच त्यांनी एक नवल पाहिले. ते म्हणजे सायकल! ते मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावास धाडू लागले आणि त्यांचे वडील बंधू रामुअण्णा त्या विकू लागले. गिऱ्हाइकास सायकल चालविण्यास शिकविण्याचे कामही रामुअण्णाच करीत. १८८८ साली सुरू झालेले हे छोटेसे दुकान म्हणजे किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाची पहिली पायरी होय.

पुढे संस्थेत बढतीची वेळ आली. तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. हा अन्याय त्यांच्या मनाला लागला. त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि मुंबई सोडून ते बेळगावास आले. यापुढे दुसऱ्याची चाकरी करावयाची नाही, असा त्यांनी निश्चय केला.

आपल्या देशातील बहुसंख्य लोक शेतीवर जगतात. तेव्हा आपली यंत्रे शेतकऱ्याच्या कामी आली पाहिजेत, हे त्यांनी ओळखले. प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. त्यानंतर लोखंडी नांगर घडविला. लाकडी नांगर जमीन केवळ उकरतो. लोखंडी नांगराचा फाळ मात्र खोल जाऊन माती उलथीपालथी करतो. हे सारे खरे, पण शेतकऱ्यांना कसे पटावे? लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होईल, अशी त्यांची समजूत होती. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली! एवढ्या काळात एखाद्याने शेतकऱ्यांना अडाणी म्हणून दोष दिला असता आणि धंदा बंद केला असता. लक्ष्मणरावांनी तसे केले नाही. नांगराची उपयुक्तता नांगरच सिद्ध करील, असा त्यांना भरवसा होता आणि तो पुढे खरा ठरला.

इतक्यात दुसरे संकट कोसळले. शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेला जागा हवी होती, म्हणून बेळगावची जागा सोडण्याचा त्यांना हुकूम झाला. लक्ष्मणरावांनी चाळिशी गाठली होती. यंत्रे होती, माणसे होती. पण ती ठेवावयास जागा नव्हती. या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या मदतीस धावले. त्यांनी औंध येथील देवालयाच्या सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे सोपविले, दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले आणि कुंडल रोडजवळची बत्तीस एकर पडीक जमीनही देऊ केली. १९१० साली पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव त्या माळावर उतरले.

पहिली लढाई निवडुंगाशी आणि नागांशी होती. ती जिंकून त्यांनी घरे बांधली, कारखाना उभा केला. प्रत्येकाचा गुण हेरून त्यास कामाला लावावयाचे आणि एकदा काम सोपविले की विश्वास टाकावयाचा, ही त्यांची रीत होती. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना समाज दाराशी उभे करीत नसे. लक्ष्मणरावांनी मात्र अशा माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. मनुष्य मूळचा चांगलाच असतो, ही त्यांची श्रद्धा होती. त्याचप्रमाणे आपल्या वसाहतीत त्यांनी अस्पृश्यतेला थारा दिला नाही. ज्या काळी मोठमोठे विद्वानही ही रूढी मोडण्यास कचरत, त्या काळी एका कारखानदाराने ती आपल्या गावातून हद्दपार केली.

पहिल्या महायुद्धात लोखंड आणि कोळसा मिळणे दुर्घट झाले, तरी कारखाना तगून राहिला. नांगरांपाठोपाठ उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पाण्याचे पंप असा माल तेथून बाहेर पडू लागला. १९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी स्थापन झाली. ज्या माळावर निवडुंगाखेरीज काही उगवत नव्हते, त्याच माळावरून निघालेल्या नांगरांनी अनेकांची शेते पिकविली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे देहावसान झाले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, भारत सरकारने त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट काढले.

डोळ्यांनी दगा दिला, नोकरीत अन्याय झाला, गिऱ्हाइकांनी पाठ फिरविली, जागाही गेली. पण प्रत्येक वेळी लक्ष्मणरावांनी हाती काय उरले आहे, हे पाहिले आणि तेवढ्यावरच पुन्हा कामास आरंभ केला. त्यांनी यंत्रे घडविली, तशीच माणसेही घडविली. म्हणूनच किर्लोस्करवाडीचे ते स्थानक आजही त्यांचे नाव मिरवीत उभे आहे.