लॅथ्रॉपबाईंचे उंदीर

एखादे जनुक शरीरात नेमके काय काम करते, हे शोधण्याचा एक सरळ मार्ग म्हणजे ते बंद करून काय बिघडते ते पाहणे. उंदरात हे करता येते. उंदराच्या भ्रूणातील मूलपेशींमधले ठरावीक जनुक निकामी करायचे आणि त्या पेशींच्या मदतीने उंदरांची पिढी वाढवायची. अशा उंदरांना ‘नॉकआउट’ उंदीर म्हणतात. असे पहिले उंदीर १९८९ मध्ये तयार झाले आणि या तंत्रासाठी मारियो कापेकी, मार्टिन इव्हान्स व ऑलिव्हर स्मिथीज यांना २००७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. मात्र या प्रयोगांत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या उंदरांचे कूळ शोधत गेले, तर आपण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्रॅनबी गावच्या एका शेतावर पोहोचतो. ते शेत होते ॲबी लॅथ्रॉप यांचे.

ॲबी यांचा जन्म १८६८ मध्ये इलिनॉय राज्यात झाला. आईवडील शिक्षक होते आणि काही वर्षे ॲबी यांनीही शिकवले. प्रकृती साथ देईना म्हणून त्यांनी ते काम सोडले आणि १९०० च्या सुमारास त्या ग्रॅनबीला आल्या. तिथे त्यांनी कोंबड्या पाळून पाहिल्या, पण धंदा काही चालला नाही. तेव्हा रंगीबेरंगी उंदीर पाळण्याची अनेकांना हौस होती. ॲबी यांनी जागच्या जागी गिरक्या घेणाऱ्या उंदरांची एक जोडी आणली. बघता बघता त्यांची संख्या दहा हजारांपुढे गेली. पेट्या साफ करायला गावातली मुले तासाला काही सेंट मजुरीवर येत.

हौशी लोकांपेक्षा मोठे गिऱ्हाईक लवकरच मिळाले. मेंडेलचे अनुवंशाचे नियम नुकतेच पुन्हा उजेडात आले होते आणि ते सस्तन प्राण्यांत तपासण्यासाठी शास्त्रज्ञांना उंदीर हवे होते. हार्वर्ड विद्यापीठाचे विल्यम कॅसल लॅथ्रॉपबाईंकडून उंदीर विकत घेऊ लागले.

१९०८ च्या सुमारास काही उंदरांच्या अंगावर बाईंना विचित्र गाठी दिसल्या. असे उंदीर विकायचे नाहीत, एवढे करून त्या थांबल्या असत्या तरी कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी मात्र नमुने शास्त्रज्ञांकडे पाठवले. विकृतिशास्त्रज्ञ लिओ लोब यांनी त्या गाठी कर्करोगाच्या असल्याचे ओळखले. पुढे दोघांनी मिळून अनेक वर्षे प्रयोग केले. काही घराण्यांतील माद्यांना स्तनांचा कर्करोग वारंवार होतो, तर काहींत तो क्वचितच दिसतो, हे बाईंच्या काटेकोर नोंदींवरून स्पष्ट झाले. तरुण वयातच अंडाशय काढले तर या गाठींचे प्रमाण घटते, असेही आढळले. या शोधनिबंधांवर लोब यांच्या बरोबरीने लॅथ्रॉप यांचे नाव छापले गेले. विद्यापीठाची पदवी नसलेल्या स्त्रीसाठी त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

घराण्यानुसार दिसणाऱ्या या फरकामागे केवळ जनुके नसतात, हे पुढे १९३६ मध्ये जॉन बिटनर यांच्या कामातून कळले. काही घराण्यांत आईच्या दुधातून पिल्लांकडे जाणारा घटकही कारणीभूत होता आणि तो विषाणू असल्याचे नंतर सिद्ध झाले.

हे पाहायला बाई नव्हत्या. पर्निशिअस ॲनिमिया या आजाराने १९१८ मध्ये, वयाच्या पन्नाशीत त्यांचा मृत्यू झाला. ब-१२ जीवनसत्त्व शरीरात शोषले न गेल्याने हा आजार होतो. यकृत खाऊ घातल्याने रुग्ण सुधारतात, हे मायनॉट व मर्फी यांनी १९२६ मध्ये दाखवले. आज इंजेक्शनने तो आटोक्यात राहतो. बाईंच्या वाट्याला यातले काहीच आले नाही.

उंदीर मात्र उरले. कॅसल यांचे विद्यार्थी क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९२१ मध्ये लॅथ्रॉपबाईंच्या उंदरांच्या वंशातील ५७ क्रमांकाच्या मादीपासून भाऊ-बहिणींच्या संकराने एक शुद्ध वाण तयार करायला घेतला. तोच सी५७ ब्लॅक. मानवापाठोपाठ २००२ मध्ये उंदराच्या जनुकसंचाचा मसुदा प्रसिद्ध झाला, तो याच वाणाच्या उंदराचा. एकेक जनुक बंद करून उंदीर तयार करण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पांनीही हाच वाण निवडला.

शुद्ध वाणाची गरज साधी आहे. सगळे उंदीर जनुकीयदृष्ट्या सारखे असतील, तरच दिसलेला बदल त्या एकाच बंद केलेल्या जनुकामुळे झाला, असे म्हणता येते. पी-५३ हे जनुक बंद केलेले उंदीर १९९२ मध्ये तयार झाले. त्यातले बहुतेक जन्मतः धडधाकट दिसले, पण काही महिन्यांतच त्यांना कर्करोगाच्या गाठी झाल्या. हे जनुक पेशींच्या बेलगाम वाढीला आवर घालते, याला त्यातून पुष्टी मिळाली. तेच जनुक वेगळ्या वाणात बंद केले, तर गाठींचे प्रकार काहीसे बदलतात. म्हणजे एका जनुकाचा परिणाम बाकीच्या जनुकांवरही अवलंबून असतो. अमुक आजाराचे जनुक उंदरात सापडले, अशी बातमी वाचताना हे ध्यानात ठेवायला हवे.

लॅथ्रॉपबाईंच्या पैदाशीच्या वह्या मेन राज्यातील जॅक्सन प्रयोगशाळेने जपून ठेवल्या आहेत. लिटल यांनी १९२९ मध्ये स्थापन केलेली ही संस्था आज जगभरच्या संशोधकांना उंदीर पुरवते.