नारायण वामन टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळक (जन्म : ६ डिसेंबर १८६१, करजगाव, रत्नागिरी जिल्हा, मृत्यू : ९ मे १९१९, मुंबई) हे आधुनिक मराठी कवितेच्या पहिल्या पिढीतील एक प्रमुख कवी, ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक होते. फुलांवरील आणि मुलांवरील कवितांमुळे वाचक त्यांना ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून ओळखतात. मराठी ख्रिस्ती समाजात त्यांचे स्थान मुख्यतः भजनकार आणि कीर्तनकार म्हणून आहे. ख्रिस्ताच्या सहवासातील आनंद हा त्यांच्या भक्तिकाव्याचा एक मुख्य विषय आहे. हा आनंद त्यांना घर, जात आणि आप्त दुरावल्यानंतर लाभला. तो टिकवण्यासाठी उतारवयात त्यांनी मिशनची नोकरीही सोडली.

बालपण आणि शिक्षण

टिळकांचा जन्म कोकणातील चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि त्यांचा स्वभाव कडक होता. कवितेची आणि भक्तीची गोडी टिळकांना आई जानकीबाई यांच्याकडून मिळाली. आईच्या मृत्यूनंतर लहान वयातच त्यांनी घर सोडले आणि ते नाशिकला आले. तेथे गणेशशास्त्री लेले या विद्वानांकडे त्यांचे संस्कृतचे अध्ययन झाले. इंग्रजी शाळेत त्यांना फार काळ शिकता आले नाही. पुढील व्यासंग त्यांनी स्वतःच्या बळावर केला.

नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विवाहाच्या वेळी मनकर्णिका अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या. सासरी त्यांचे नाव लक्ष्मीबाई ठेवण्यात आले. पुढे त्यांनी लिहिलेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रामुळे टिळकांच्या संसाराची आणि स्वभावाची तपशीलवार माहिती उपलब्ध झाली आहे. टिळक उदार, भावनाशील आणि शीघ्रकोपी होते. हाती आलेला पैसा त्यांच्याजवळ टिकत नसे आणि एका गावी फार काळ राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

धर्मजिज्ञासा

तरुण वयात टिळकांनी अनेक ठिकाणी शिक्षकाचे, लेखनाचे आणि कीर्तन-प्रवचनाचे काम केले. नागपूर येथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत धर्मग्रंथांच्या अभ्यासाचे काम केले आणि ‘ऋषी’ हे मासिक चालवले. याच काळात पारंपरिक आचारधर्मावरील त्यांचा विश्वास डळमळू लागला. जातिभेद आणि मूर्तिपूजा यांपासून मुक्त अशा, एका ईश्वराला पिता मानणाऱ्या नव्या धर्माची कल्पना त्यांच्या मनात घोळत होती. देशाची उन्नती धर्माच्या नवजीवनावाचून होणार नाही, असे त्यांचे मत बनले होते. त्यांची धर्मजिज्ञासा आणि देशभक्ती या प्रारंभापासून एकमेकींशी जोडलेल्या होत्या.

१८९३ मध्ये राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी जात असताना आगगाडीत त्यांची एका युरोपीय सहप्रवाशाशी भेट झाली. त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत ते ख्रिस्ती होतील असे भाकीत केले. टिळकांना ते भाकीत असंभाव्य वाटले. तरी ग्रंथ वाचण्याचे वचन त्यांनी पाळले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी पोहोचल्यावर त्यांना वाचन थांबवता आले नाही. हे प्रवचन दीन, शोकग्रस्त आणि छळ सोसणाऱ्या माणसांना धन्य ठरवून सुरू होते. सुखाचा आणि परिस्थितीचा संबंध तोडणारी ही शिकवण आयुष्यभर अस्थिरता अनुभवलेल्या टिळकांच्या मनाला भिडली.

धर्मांतर आणि कुटुंबविरह

काही काळ अभ्यास आणि पत्रव्यवहार केल्यानंतर टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या संपर्कात आले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. हा विधी परदेशी मिशनऱ्याच्या हातून न होता भारतीय पाळक तुकारामजी नथोजी यांच्या हातून व्हावा, ही त्यांची इच्छा होती आणि ती पूर्ण झाली.

या निर्णयाची पूर्वकल्पना लक्ष्मीबाईंना नव्हती. बाप्तिस्म्याची बातमी कळताच त्यांच्यावर मोठा आघात झाला. लहानगा मुलगा दत्तू, म्हणजे पुढे देवदत्त, याला घेऊन त्या नातेवाइकांच्या आश्रयाला राहिल्या. पंढरपूर येथेही त्यांचे वास्तव्य होते. त्या काळच्या समाजात धर्मांतरित पतीची पत्नी ना सधवेचे सुख भोगू शके, ना विधवेसारखी मोकळी होऊ शके. टिळकांनाही नव्या श्रद्धेतून मिळालेल्या समाधानाबरोबर पत्नी-मुलाच्या विरहाचे दुःख सोसावे लागले.

सुमारे चार-पाच वर्षांनी लक्ष्मीबाई टिळकांकडे परतल्या. प्रारंभी त्यांनी आपले सोवळे-ओवळे आणि स्वयंपाक वेगळा ठेवला. टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. अहमदनगर जिल्ह्यातील राहुरी येथील वास्तव्यात लक्ष्मीबाईंच्या मनातील जातिभेदाची भावना हळूहळू गळून पडली आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. तो १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळाचा काळ होता. या काळात टिळक दांपत्याने निराधार मुलांची सेवा केली.

भक्ती आणि भजन

अहमदनगर येथे टिळकांनी धर्मशास्त्राच्या विद्यालयात अध्यापन केले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्यांचे धर्मांतर प्रामुख्याने विचारातून आणि नैतिक ओढीतून घडले होते. पुढील वर्षांत त्यांच्या श्रद्धेला भक्तीचे रूप आले. तुकाराम आणि ज्ञानेश्वर यांच्या वाङ्मयाकडे ते नव्या दृष्टीने वळले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती.

त्या काळी मराठी चर्चमधील उपासनेत इंग्रजी गीतांची भाषांतरे आणि पाश्चात्त्य चाली यांचा मोठा वाटा होता. त्याला देशी पर्याय अगदीच नव्हता असे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्येच गोव्यात प्रसिद्ध झाले होते आणि अहमदनगरच्या परिसरात कृष्ण रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. टिळकांनी हे कार्य पुढे नेले. अभंग, पदे, भजने आणि आरत्या यांच्या रूपाने त्यांनी उपासनेला घरातल्या मराठीचा सूर दिला. टाळ-मृदंगाच्या साथीने, देशी चालींत गायल्याखेरीज मराठी माणसाच्या अंतःकरणातील आनंद मोकळा होणार नाही, असे ते मानत.

आनंदाविषयीची भूमिका

ख्रिस्ती परंपरेत आनंद हे पवित्र आत्म्याचे फळ मानले जाते. पौलाने तुरुंगात असताना लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्रात आनंद करण्याचा उपदेश वारंवार येतो. म्हणून या आनंदाचा उगम अनुकूल परिस्थितीत शोधता येत नाही. टिळकांच्या ‘अभंगांजली’तून आणि भजनांतून हाच विचार वारकरी भक्तीच्या परिभाषेत व्यक्त होतो. त्यांच्या काव्यात ख्रिस्त हा न्यायाधीश म्हणून क्वचित आणि माउली, सद्गुरू व सखा म्हणून अधिक वेळा भेटतो. भक्ताची योग्यता अपुरी असली तरी प्रेम अपुरे पडत नाही, या जाणिवेतून त्यांच्या गीतांतील उल्हास निर्माण होतो.

हा आनंद टिकवण्याचे तीन मार्ग त्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसतात. पहिला मार्ग अखंड स्मरणाचा आणि गायनाचा. दुसरा मार्ग सृष्टीकडे आणि मुलांकडे प्रेमाने पाहण्याचा. त्यांची फुलांवरील कविता याच वृत्तीची आहे. तिसरा मार्ग घराचे दार उघडे ठेवण्याचा. निराश्रित मुले, विद्यार्थी आणि कवी यांचा त्यांच्या घरी राबता असे. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, काही काळ त्यांच्या घरी राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे सांभाळले. बालकवींनी धर्म बदलला नाही. दोघांचा स्नेह काव्याच्या आणि निसर्गप्रेमाच्या आधारावर टिकला.

या वृत्तीमुळे टिळकांचे स्वभावदोष नाहीसे झाले नाहीत. त्यांचा संताप आणि व्यवहारातील बेफिकिरी यांचा भार संसारावर पडतच राहिला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये लक्ष्मीबाईंनी हे प्रसंग लपवलेले नाहीत, ते त्यांनी विनोदाने आणि प्रेमाने सांगितले आहेत. आनंदी माणसाच्या सहवासात घर चालवणाऱ्या व्यक्तीला काय सोसावे लागते, याची नोंद म्हणूनही त्या ग्रंथाला महत्त्व आहे.

देवाचा दरबार

१९१२ पासून टिळकांनी ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले. भारतीय चर्च परदेशी पैशावर आणि परदेशी नेतृत्वावर अवलंबून असल्याची खंत त्यांना होती. मिशनऱ्यांशी त्यांचा वैयक्तिक स्नेह कायम होता; मात्र पगारी धर्मसेवेमुळे साक्ष निस्तेज होते असे त्यांना वाटू लागले. १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनच्या सेवेतून निवृत्त होऊन संन्यस्त वृत्तीने राहण्याचा निश्चय केला. नियमित उत्पन्न थांबल्याने कुटुंबाचे भवितव्य अनिश्चित झाले.

त्यानंतर सातारा येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही संकल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व अनुयायी बंधुभावाने एकत्र यावेत, हा तिचा हेतू होता. बाप्तिस्म्याचा आग्रह बाजूला ठेवणारी ही कल्पना अनेक ख्रिस्ती धर्मीयांना पटली नाही. टिळकांच्या मृत्यूमुळे हा प्रयोग अल्पकाळच चालला.

अखेरचे दिवस

१९१९ मध्ये त्यांची प्रकृती ढासळली आणि ९ मे रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या पार्थिवाचे दफन न करता दहन करण्यात आले. त्या काळातील ख्रिस्ती समाजात ही गोष्ट असामान्य होती. ख्रिस्ती झाल्यावरही आपण भारतीयच आहोत, ही त्यांची आयुष्यभराची भूमिका या शेवटच्या इच्छेतून व्यक्त झाली.

साहित्य आणि वारसा

‘वनवासी फूल’, ‘सुशीला’ आणि ‘बापाचे अश्रू’ ही टिळकांची प्रसिद्ध दीर्घकाव्ये आहेत. ख्रिस्तचरित्रावरील ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या हयातीत अपूर्ण राहिले. औपचारिक शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे पुढील बहुतेक अध्याय रचले. टिळकांच्या धर्मांतराने जिचे जग उद्ध्वस्त झाले होते, तिनेच त्यांचे अपुरे ख्रिस्तकाव्य पुढे नेले, ही घटना मराठी वाङ्मयात विरळा मानली जाते.

टिळकांची अनेक भजने मराठी चर्चमधील ‘उपासनासंगीत’ या गीतसंग्रहात समाविष्ट असून ती आजही गायली जातात. निकोल मॅकनिकल यांनी त्यांच्या काही रचनांचे इंग्रजी अनुवाद केले आणि त्यांपैकी एक गीत इंग्रजी उपासनाग्रंथांतही गेले. जे. सी. विन्स्लो यांनी टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. महाराष्ट्रात शालेय पाठ्यपुस्तकांतील कवितांमुळे टिळक सर्वधर्मीय विद्यार्थ्यांना परिचित झाले, तर ख्रिस्ती घरांत आणि प्रार्थनामंदिरांत त्यांचे नाव प्रामुख्याने भजनांमुळे घेतले जाते.