रेव्हरंड स्टीफन हेल्स

झाडें पाणी शोषितात हें सर्वांस ठाऊक आहे; परंतु शोषिलेल्या पाण्याचें पुढें काय होतें, हा प्रश्न फार थोड्यांस पडतो. ज्यांनीं तो तराजूच्या साहाय्यानें सोडविला, त्या इंग्लंडांतील एका धर्मोपदेशकाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

हेल्स यांचा जन्म १६७७ सालीं केंट परगण्यांत झाला. केंब्रिज येथें असतां विल्यम स्टूकली या मित्राच्या संगतीनें त्यांस रानोमाळ हिंडून वनस्पति गोळा करण्याचा नाद लागला. १७०९ सालीं ते थेम्स नदीकांठच्या टेडिंग्टन गांवीं पाळक झाले, ते अखेरपर्यंत तेथेंच राहिले. विवाहानंतर लवकरच पत्नी निवर्तली. पुन्हां त्यांनीं विवाह केला नाहीं.

एकदां छाटलेल्या द्राक्षवेलींतून रस गळूं लागला. तो थांबावा म्हणून हेल्स यांनीं जखमेवर जनावराच्या मूत्राशयाचा तुकडा बांधला, तों रसाच्या जोरानें तो फुगूं लागला! दुसरा कोणी असता तर तेवढ्यावरच राहिला असता. हेल्स यांनीं मात्र त्या जोराचें मोजमाप आरंभिलें.

मग १७२४ च्या ३ जुलै रोजीं त्यांनीं कुंडींतील साडेतीन फूट उंचीचें सूर्यफुलाचें झाड घेतलें. कुंडीचें तोंड शिशाच्या पातळ पत्र्यानें झांकून सांधे लुकणानें बुजविले, पाणी घालण्याच्या नळीसहि बूच बसविलें. हेतु हा कीं, मातींतून वाफ जाऊं नये. कच्च्या मातीची कुंडी स्वतःहि पाझरते, हें आपल्याकडील माठ पाहिलेल्यांस सांगावयास नको. म्हणून शेवटीं झाड कापून नुसत्या कुंडीची घट त्यांनीं काढली व ती वजा केली. ८ ऑगस्टपर्यंत त्यांनीं पंधरा दिवस निवडून सकाळ-संध्याकाळ वजनें केलीं. अत्यंत उष्ण व कोरड्या दिवशीं बारा तासांत १ पौंड १४ औंस पाणी उडून गेलें. सरासरी १ पौंड ४ औंस पडली. उबदार व दंवरहित रात्रीं सुमारें ३ औंसच गेलें. थोडें दंव पडलें कीं कांहींच नाहीं. आणि दंव पुष्कळ पडल्यास वजन उलट २-३ औंसांनीं वाढे.

आतां याचें कारण पहा. पानांवर अतिसूक्ष्म रंध्रें असतात व त्यांवाटे वाफ बाहेर पडते. ऊन तापलें, हवा कोरडी झाली वा वारा सुटला, कीं ती त्वरेनें जाते. हवा दमट असली तर मंदावते. बहुतेक झाडांचीं रंध्रें अंधारांत मिटतात, म्हणून रात्रीची घट अल्प. जमिनींत पाणी नसलें तर तीं भर दिवसाहि मिटूं लागतात.

पानांचा विस्तारहि हेल्स यांनीं दोऱ्यांच्या जाळींतील चौकोन मोजून काढला. एका झाडाचा तो ३९ चौरस फूट भरला! कोबी, द्राक्षवेल, सफरचंद व लिंबू यांचींहि वजनें झालीं, आणि सदाहरित झाडें पाणी जपून खर्च करितात असें दिसून आलें. हें सर्व १७२७ सालीं त्यांच्या ग्रंथांत प्रसिद्ध झालें.

प्राण्यांवरहि त्यांनीं प्रयोग केले. घोडीच्या धमनींत नळी बसवून रक्ताचा दाब त्यांनींच प्रथम मोजला. या प्रयोगांत मुक्या जिवांचे फार हाल झाले. शेजारच्या ट्विकनम येथील कवि पोप यांस तें अगदीं रुचलें नाहीं, आणि त्यांचा आक्षेप आम्हांस निराधार वाटत नाहीं.

हवेच्या अभ्यासानेंच त्यांस पुढें एक लोकोपयोगी काम सुचलें. कोंदट तुरुंगांत व जहाजांच्या तळांत माणसें तापानें पटापट मरत. तेथील दूषित हवा बाहेर काढणारीं यंत्रें हेल्स यांनीं योजिलीं, व १७५२ सालीं लंडनच्या न्यूगेट तुरुंगावर पवनचक्कीनें चालणारें असें यंत्र बसलें. गांवास चांगलें पाणी मिळावें म्हणूनहि वृद्धापकाळीं ते खटपट करीत होते. ४ जानेवारी १७६१ रोजीं त्यांचें देहावसान झालें, आणि टेडिंग्टनच्या देवळाचा जो मनोरा त्यांनीं पुन्हां बांधविला होता, त्याखालींच त्यांस मूठमाती देण्यांत आली.