डार्विनने साडेपाच वर्षं स्वतःच्या पोटाची डायरी लिहिली, तरी आजार काही सापडला नाही

चार्ल्स डार्विन म्हटलं की आपल्याला माकडापासून माणूस झाल्याचं ते चित्र आठवतं. पण या माणसाचं अर्धं आयुष्य पोट धरून गेलं, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

1809 सालचा जन्म, गाव इंग्लंडमधलं श्रुजबरी. वडील डॉक्टर. त्यांनी पोराला डॉक्टरकी शिकायला एडिनबराला धाडलं, पण ऑपरेशन बघून गडी पळाला. पुढे बीगल जहाजातून पाच वर्षं जग फिरून आला आणि तिशीच्या आसपास पोटाने असहकार पुकारला. जेवणानंतर काही तासांनी उलट्या, गॅस, थकवा. घरी पाहुणे आले, गप्पा रंगल्या की ती रात्र वाईट जायची.

1849 मध्ये तो बायकापोरांसह माल्व्हर्नला, डॉ. जेम्स गली यांच्याकडे गेला. उपचार म्हणजे थंड पाणी, ओल्या चादरी आणि पथ्य. बरं वाटलं. मग घरी परतून त्याने बागेत थंड पाण्याच्या धारेखाली उभं राहायला एक खोपटं बांधून घेतलं आणि 1 जुलैपासून तब्येतीची डायरी सुरू केली. दिवस कसा गेला, रात्र कशी गेली, गॅसचा त्रास किती वेळा झाला, सगळं रोजच्या रोज. चांगल्या दिवसापुढे दोन रेघा, महिनाअखेरीस अशा दिवसांची बेरीज.

1851 मध्ये 10 वर्षांची लाडकी लेक ॲनी आजारी पडली. डार्विनने तिलाही गलींकडेच नेलं. बायको एमा गरोदर, त्यामुळे घरी. लेकीची खबर तिला पत्रातूनच कळत होती. 23 एप्रिलला ॲनी गेली. पोटाची डायरी मात्र 1855 पर्यंत चालली.

1865 मध्ये डॉ. जॉन चॅपमन यांच्यासाठी त्याने आपली लक्षणं कागदावर लिहून काढली. चॅपमन यांनी पाठीच्या कण्यावर बर्फ ठेवायला लावला. उपयोग शून्य.

आज क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिसचे पेशंट हेच मोबाइलवर करतात. शौचाला किती वेळा, रक्त पडलं का, दुखतंय का, हे डॉक्टरला घरबसल्या कळवतात. नेदरलँड्समध्ये 909 पेशंटवर झालेला असा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. ॲप वापरणाऱ्यांच्या दवाखान्याच्या चकरा आणि ॲडमिट व्हायची वेळ, दोन्ही कमी झालं.

पण त्यांच्याकडे शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणीही असते. आतड्याला सूज आहे का, ते त्यातून कळतं. डार्विनकडे होत्या फक्त रेघा. म्हणून क्रोन्स, दूध न पचणं की दक्षिण अमेरिकेतला शागास आजार, यावर तज्ज्ञ अजून भांडतायत.

1882 मध्ये, 73व्या वर्षी तो गेला. तोही पोटाने नाही, हृदयविकाराने.