समतेच्या पंगतीचे शिल्पकार : कर्मवीर भाऊराव पाटील

जैन समाजाने महाराष्ट्राला दानशूर व्यापारी दिले, विद्वान दिले, त्यागी मुनिजन दिले. या थोर परंपरेत कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्थान आगळे आहे. माणसामाणसांतील उच्चनीचतेची भिंत पाडण्यासाठी त्यांनी ग्रंथ लिहिला नाही की पंथ काढला नाही. त्यांनी निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली राहावयास आणि एका पंगतीत जेवावयास शिकविले. अहिंसा आणि अनेकान्त ही तत्त्वे प्रवचनातून घराघरात आणि घरातून लेकरांच्या ताटापर्यंत कशी पोहोचवावीत, याचा वस्तुपाठ म्हणजे त्यांचे जीवन होय.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी एका दिगंबर जैन कुटुंबात झाला. बाहुबलीच्या तीर्थामुळे हे नाव प्रत्येक जैन बांधवास परिचित आहे. मूळ घराणे सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक येथील. वडील पायगोंडा आणि आई गंगाबाई हे दोघेही धर्मपरायण होते. लहानपणापासूनच भाऊरावांना अन्याय सहन होत नसे. अस्पृश्य मानलेल्या लोकांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्यांनी विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी त्यांच्या बालपणीची आठवण सर्वत्र सांगितली जाते.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापुरास गेले आणि तेथील जैन वसतिगृहात राहू लागले. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध व्हावे, मगच भोजनगृहात यावे, असा आग्रह त्यांना करण्यात आला. माणसाच्या स्पर्शाने माणूस विटाळतो हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी नकार दिला आणि वसतिगृहाची जागा गमावली. ही घटना आपल्याच समाजाच्या संस्थेत घडली हे विसरून चालणार नाही. मुंगीलाही जपणाऱ्या समाजाला शेजारचा माणूस जवळ घेणे त्या काळी जड गेले. भाऊरावांनी मात्र धर्म सोडला नाही आणि समाजाविषयी कटुताही बाळगली नाही.

त्याचा प्रत्यय लवकरच आला. १९१४ साली कोल्हापुरात डांबर प्रकरण गाजले. त्यात जैन समाजाचे नेते अण्णासाहेब लठ्ठे यांना गोवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी असा दबाव आला. त्यांनी कोठडी व छळ सोसला, परंतु असत्य बोलण्यास ते तयार झाले नाहीत. विशेष असे की, ज्या कोल्हापूर संस्थानात हे भोगावे लागले, त्याच संस्थानचे अधिपती राजर्षी शाहू महाराज यांच्या कार्याविषयीचा त्यांचा आदर अखेरपर्यंत कायम राहिला. क्षमाभाव म्हणतात तो हाच.

इस्लामपूर येथे वर्गाबाहेर बसून शिकणारा ज्ञानदेव घोलप हा अस्पृश्य समाजातील मुलगा भाऊरावांच्या दृष्टीस पडला. त्यांनी त्यास घरी नेऊन जेवू घातले आणि पुढे कोल्हापूरच्या मिस क्लार्क वसतिगृहात दाखल केले. हाच मुलगा मोठेपणी मुंबई कायदे कौन्सिलचा सभासद झाला. एका मुलाला वर्गाच्या आत आणल्याने काय घडू शकते, याचे हे उदाहरण भाऊरावांच्या मनावर कायमचे कोरले गेले.

उपजीविकेसाठी त्यांनी ओगले यांच्या काचमालाची व किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री केली. या व्यवसायानिमित्त ते खेडोपाडी फिरले. माल विकता विकता शेतकऱ्यांचे अज्ञान, कर्जबाजारीपणा आणि जातीजातींतील दुरावा त्यांनी जवळून पाहिला. यावर शिक्षणाखेरीज उपाय नाही या निश्चयाने ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली संस्थेचे कार्य साताऱ्यास आले व तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले.

या वसतिगृहाची रीत साधी होती. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एकत्र राहत. स्वयंपाक, दळण, पाणी, झाडलोट ही कामे पाळीपाळीने सर्वांनाच करावी लागत. अमक्याच्या हातचे खायचे नाही, असे म्हणण्यास तेथे वावच नव्हता. सहिष्णुतेवर व्याख्यान देण्याची गरज पडली नाही, कारण शेजाऱ्याने थापलेली भाकरी रोज पोटात जात होती. सुटीत घरी गेलेली मुले हीच सवय आपल्या गावी घेऊन जात.

या कार्यात त्यांच्या पत्नी सौ. लक्ष्मीबाई यांचा वाटा पतीइतकाच मोठा आहे. सोवळेओवळे पाळणाऱ्या जैन घराण्यात त्या वाढल्या होत्या. जन्मभराचा संस्कार बाजूस ठेवून परजातीच्या लेकरांना आपल्या चुलीपाशी घेणे त्या काळच्या स्त्रीस किती कठीण गेले असेल! परंतु त्या या मुलांच्या आई झाल्या. वसतिगृहातील धान्य संपले तेव्हा एकामागून एक दागिने मोडले गेले आणि शेवटी त्यांनी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. ज्यांच्यासाठी त्यांनी सर्वस्व वेचले, ती मुले पोरकी झाली.

१९३२ साली पुणे करार झाल्यानंतर सवर्ण व अस्पृश्य मुलांच्या सहजीवनासाठी भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग सुरू केले. अमेरिकेत काळ्या व गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे बेकायदा आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला. त्याच्या तीस वर्षे आधी साताऱ्यात निरनिराळ्या जातींची मुले एकाच पंगतीस बसत होती, हे आपण अभिमानाने सांगितले पाहिजे.

पुढे १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल, तर १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. कमवा आणि शिका या योजनेने असंख्य गरीब मुले श्रम करून पदवीधर झाली. १९५९ साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण देऊन गौरविले आणि पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट. पदवी दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला.

पणदरे आणि बारामती-इंदापूर परिसरात बागायत आली, कारखाने आले, शाळा आल्या. वर्गात आता सर्वांची मुले एकाच बाकावर बसतात. परंतु शाळा सुटल्यावर त्या मुलांतील कोण कोणाच्या घरी पाणी पिते, वाढदिवसाला कोणाला बोलावणे जाते आणि कोणाला टाळले जाते, हे ठरविणारे आपण वडीलधारेच असतो. मूल जन्मतः भेदभाव जाणत नाही, घरातील बोलण्यातून ते शिकते. पर्युषणानंतर आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. त्या सर्व जीवांत आपल्या गल्लीतील, वस्तीवरील आणि ऊसतोडीस आलेल्या कुटुंबांतील माणसेही येतात, एवढे प्रत्येक घराने आपल्या लेकरांना शिकविले आणि त्यांच्या मित्रांसाठी आपल्या पंगतीत पाट मांडला, तर ती कर्मवीर भाऊराव आणि माउली लक्ष्मीबाई यांना खरी आदरांजली ठरेल.