डॉ. हाफकिन ह्यांची लस आणि लोकांचा न्याय

लशीविषयीं कोठें कांहीं वावडी उठली कीं, पुराव्याची वाट न पाहतां निकाल देऊन मोकळे होण्याची संवय आपल्या लोकांस जडलेली आहे. ह्या उतावळेपणाचे परिणाम ज्यांस पाहावयाचे असतील त्यांनीं डॉ. वाल्देमार हाफकिन ह्यांचें चरित्र ध्यानांत घ्यावें.

हे गृहस्थ १८६० सालीं ओडेसा शहरीं यहुदी कुळांत जन्मले. रक्तांतील पांढऱ्या पेशी शरीरांत शिरलेल्या जंतूंस गिळून टाकितात, हें दाखविणारे मेचनिकॉफ हे त्यांचे गुरु. पुढें पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत त्यांनीं पटकीची लस सिद्ध केली व १८९२ सालीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. दुर्बल अथवा मृत जंतु टोंचले असतां शरीर त्यांची ओळख ठेवितें, आणि खरा शत्रु आला म्हणजे त्याच्याशीं झुंजण्यास आधींच सज्ज असतें, हें ह्या उपायाचें मर्म होय.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेगानें ठाण मांडलें, तेव्हां सरकारनें त्यांस पाचारण केलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांत अवघ्या कांहीं महिन्यांत उष्णतेनें मारलेल्या जंतूंची लस तयार झाली, व ता. १० जानेवारी १८९७ रोजीं तीहि त्यांनीं प्रथम स्वतःसच टोंचून घेतली. ही लस म्हणजे अभेद्य कवच नव्हे. तथापि तिनें रोग व मृत्यु ह्यांचें प्रमाण पुष्कळ घटविलें.

परंतु १९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं एकाच बाटलींतील लस टोंचलेले १९ लोक धनुर्वातानें दगावले. ठपका प्रयोगशाळेवर ठेवून सरकारनें हाफकिन ह्यांस कामावरून दूर केलें. वास्तविक बाटली उघडतांना तिला दुर्गंधि नव्हती, आणि जमिनीवर पडलेला चिमटा नीट शुद्ध न करितां वापरण्यांत आला होता. धनुर्वाताचे जंतु मातींत असतात हें कोणास ठाऊक नव्हतें? तरीहि, रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं आवाज उठविल्यावर १९०७ सालीं कोठें ते निर्दोष ठरले. १९३० सालीं स्वित्झर्लंडांतील लोझान येथें ते वारले. परळची त्यांची प्रयोगशाळा १९२५ पासून त्यांचें नांव धारण करीत आहे.

आमच्या व्यापारी बंधूंस आम्ही इतकेंच विचारतों: खातेंवही न तपासतां मुनिमावर चोरीचा आळ घेणाऱ्या धन्यास आपण शहाणा म्हणाल काय? नाहीं ना? मग मुलाबाळांस लस टोंचण्यापूर्वीं डॉक्टरांस शंका खुशाल विचाराव्या. मात्र निकाल पुराव्यावर द्यावा, कानगोष्टींवर देऊं नये. वैद्याची गेलेली अब्रू कदाचित् परत येईल. लशीवांचून गेलेलें मूल परत येत नाहीं.