गाविलगडाला दिलेली हुलकावणी

डिसेंबर 1803. शाबान संपत आला होता. रमजानचा चंद्र दिसायला थोडेच दिवस उरले होते. एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात, इंग्रज फौजेचा तळ पडला होता. तिचा सेनापती होता 34 वर्षांचा आर्थर वेलस्ली.

1769 मध्ये डब्लिनमध्ये जन्मलेला वेलस्ली 1797 मध्ये हिंदुस्थानात आला. 29 नोव्हेंबर 1803 रोजी अकोला जिल्ह्यातील अडगावला त्याने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढचे लक्ष्य होते मेळघाटातला गाविलगड.

7 डिसेंबरला फौजेच्या दोन वाटा झाल्या. वेलस्ली स्वतः दक्षिणेला, गडावरून दिसेल असा उभा राहिला. कर्नल स्टीव्हन्सन मात्र जड तोफा घेऊन डोंगरात शिरला. सैनिकांनी स्वतः रस्ता तयार करत, हातांनी तोफा ओढत 12 तारखेला उत्तरेची बाजू गाठली. खरा घाव तिथूनच बसणार होता.

15 डिसेंबरला वेलस्लीने दक्षिणेकडून चढाईचा देखावा केला. गडकऱ्यांचे लक्ष तिकडे वेधले गेले आणि उत्तरेच्या खिंडारातून हल्लेखोर आत घुसले. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. त्याच्यासोबत असंख्य शिपाई कापले गेले.

दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. गाविलगड आणि नरनाळा भोसल्यांकडेच राहिले, पण वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड निजामाकडे गेले. ज्या गडासाठी एवढे रक्त सांडले, तो परत मिळाला. मुलूख मात्र गेला.

दहा वर्षांनी वेलस्लीने स्पेनमध्ये तोच डाव मोठ्या पटावर मांडला. मे 1813 मध्ये तो सालामांकाच्या वाटेवर फ्रेंचांना मुद्दाम दिसत राहिला. त्याची मुख्य फौज तेवढ्यात उत्तर पोर्तुगालच्या डोंगरांतून पुढे सरकत होती. मग तो दोराला टांगलेल्या टोपलीत बसून डौरो नदी ओलांडून तिला जाऊन मिळाला. 21 जूनला व्हिटोरियाची लढाई त्याने जिंकली.

जून 1815 मध्ये त्याच्यावरच तशी वेळ आली. नेपोलियनने गुपचूप सीमेवर फौज जमवली. ती चालून आली त्या रात्री वेलस्ली, आता ड्यूक ऑफ वेलिंग्टन, ब्रसेल्समध्ये नाचाच्या मेजवानीत होता. तीन दिवसांनी वॉटर्लूवर प्रशियन फौज मदतीला आली, म्हणून बाजी सावरली.

पुढे तो इंग्लंडचा पंतप्रधान झाला. 1852 मध्ये वारला. जगाला तो वॉटर्लूमुळे आठवतो. पण शत्रूला एका दिशेला पाहायला लावून दुसरीकडून घाव घालण्याची त्याची रीत वऱ्हाडाने आधीच सोसली होती. चिखलदऱ्याजवळचे पडके बुरूज आजही त्याची साक्ष देतात.